बोरघाट, रॉकरची टकटक आणि वालचंदशेठ

कर्जतकरांना घाटाच्या पायथ्याशी थांबण्याची जन्मजात सवय असते. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला आली की अनेक गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने जोडायची, कारण पुढे सदतीसास एक अशी चढण. ती जोडली जाईपर्यंत प्रवाशांनी फलाटावर उतरून वडा खायचा. रस्त्याने जाणाऱ्यांचीही तीच कथा होती. खोपोलीत गाडी उभी करायची, बॉनेट उघडायचे, फडक्याने रेडिएटरचे झाकण धरून सावकाश वाफ सोडायची, पाणी भरायचे आणि मग वर निघायचे. वाटेत शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी हळू करून एक नाणे टाकायचे. घाटाची वाट दाखवणारा आणि त्यापायी जीव गमावणारा तो धनगर, अशी त्याची आख्यायिका आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खालापूरच्या टोलनाक्यावरून गाड्या सरळ वर जाऊ लागल्या, तेव्हा हे सारे विधी मागे पडले. आमचे मात्र पडले नाहीत, कारण आमची गाडी जुनी आहे.

१९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी ती १९८९ मध्ये दुसऱ्या हाताने घेतली आणि अखेरपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. आता ती माझ्याकडे आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी बहिणीकडे लोणावळ्याला निघालो होतो. खोपोली सोडून पहिली वळणे घेतली आणि बॉनेटखालून टकटक सुरू झाली. शिवणयंत्रात सुई अडकल्यावर यावा तसा कोरडा आवाज. पाय सोडला की कमी व्हायचा, दाबला की वाढायचा. बायको म्हणाली की परत फिरू या. मी फिरलो. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिचे म्हणणे मी इतक्या तत्परतेने क्वचितच ऐकले असेल.

खोपोलीच्या मिस्त्रींनी इंजिनाच्या डोक्यावरचे पत्र्याचे झाकण काढले आणि मला जवळ बोलावून आत बोट फिरवायला सांगितले. बोट कोरडे बाहेर आले. जिथे ऑईल निथळत असायला हवे तिथे काळ्या चिखलाचा वाळलेला थर होता. रॉकर ज्या दांड्यावर झुलतात तो शाफ्ट खालच्या अंगाने असा झिजला होता की नखाला खाच लागत होती.

ज्यांनी जुन्या मोटारीचे झाकण कधी उघडलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या जातीच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, इंजिनाच्या पोटात असतो आणि व्हॉल्व्ह वर, डोक्यात असतात. कॅमचा रेटा लांब पुशरॉडमधून वर येतो, रॉकरचे एक टोक उचलतो आणि लहान मुलांच्या सी-सॉसारखे दुसरे टोक खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडते. एका बाजूने पुशरॉड वर ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्हची स्प्रिंग वर ढकलते, म्हणून शाफ्ट झिजतो तो खालून. हा सगळा खेळ मिनिटाला हजारो वेळा चालतो. त्याला लागणारे ऑईल खालच्या चेंबरमधून पंपाने उचललेले असते. ते आधी मुख्य बेअरिंगांना मिळते, मग कॅमशाफ्टच्या बेअरिंगांना, आणि उरलेले एका बारीक वाटेने हेडमधून वर चढून पोकळ रॉकर शाफ्टमध्ये शिरते. तिथून प्रत्येक रॉकरखालच्या छोट्या भोकातून झिरपते. म्हणजे रॉकर हे पंगतीच्या अगदी शेवटच्या पानावर बसलेले. वाढपी यायला उशीर, आणि भात संपला तर तो इथेच संपायचा. इंजिन म्हातारे झाले, खालची बेअरिंगे सैल झाली की ऑईल तिथेच गळून दाब कमी होतो. वर पोचते ते थेंब थेंब.

आमच्या गाडीत त्याहून वेगळे दुखणे निघाले. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये हेड उतरवले होते. बसवताना कुणीतरी गॅस्केटला सढळ हाताने सिलिकॉनचा लेप लावला होता आणि त्याची एक गुठळी त्या बारीक वाटेच्या तोंडाशी जाऊन बसली होती. उरलेली कामगिरी चिखलाने बजावली.

मिस्त्रींनी गाडी चार दिवस ठेवून घेतली. त्या चार दिवसांत माझे वाचन झाले. वडिलांच्या कपाटात गं. दे. खानोलकरांनी लिहिलेले वालचंद हिराचंदांचे जाडजूड चरित्र होते. ते मी पूर्वी चाळले होते, वाचले नव्हते. मोटार उघडी पडली असताना ते हाती आले हे बरे झाले. ज्या माणसाच्या हट्टामुळे हे इंजिन कुर्ल्यात बनले, त्याच्याविषयी मला रावळगावच्या गोळ्यांपलीकडे फारसे ठाऊक नव्हते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजरातीभाषक दिगंबर जैन व्यापाऱ्यांचे. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे जुन्या वळणाचे सावकार असले तरी समाजसुधारणेची ओढ असणारे. आई त्यांच्या जन्मानंतर लवकरच गेली. मुंबईत सेंट झेवियर्स आणि पुण्यात डेक्कन कॉलेज अशी शिक्षणाची दोन ठिकाणे झाली, पण पदवी हाती न घेताच त्यांना घरच्या धंद्यात उतरावे लागले. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक अनुभवी कारकून त्यांना भेटले आणि दोघांनी मिळून फाटक-वालचंद ही ठेकेदारी सुरू केली. पहिले काम बार्शी लाइटचे, म्हणजे त्या चिमुकल्या नॅरोगेज रेल्वेचे. एकाला कामाची माहिती, दुसऱ्याजवळ भांडवल आणि धाडस. मराठी ब्राह्मण आणि गुजराती जैन अशी ही भागीदारी त्या काळात लोकांच्या भुवया उंचावणारी होती. ती चांगली टिकली.

कर्जतकराला या माणसाविषयी आपुलकी वाटावी असे प्रकरण पुढे येते. आमच्या डोक्यावरच्या बोरघाटातून पहिली रेल्वे १८६३ मध्ये गेली. पण ती इंग्रज ठेकेदारांनी नेलेली, आणि वर खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवण्याचा एक विलक्षण थांबा तिला होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात याच घाटात नवे बोगदे खोदण्याचे काम निघाले आणि ते वालचंदांच्या बांधकाम कंपनीने केले. कठीण काळा कातळ, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी, आणि देशी ठेकेदाराला हे जमेल का म्हणून पाहणारे साहेब. पुढे हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन या नावाने १९२६ पासून ओळखली जाणारी त्यांची कंपनी कोयनेचे धरण बांधणार होती आणि त्यांच्या मागे कितीतरी वर्षांनी वांद्रे-वरळीचा सागरी सेतूही उभारणार होती. मी लहानपणापासून त्या घाटातल्या बोगद्यांतून जात आलो आहे. अंधार आला की मुले ओरडतात, तसा मीही ओरडलो आहे. तो अंधार कुणी खोदला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

ठेकेदारीतून पैसा आला. पण या माणसाला पैसा पुरेसा वाटत नसे. परकीयांनी आपल्यासाठी राखून ठेवलेले दार दिसले की ते ढकलून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पहिले दार जहाजाचे. महायुद्धात इस्पितळाचे जहाज म्हणून वापरलेली लॉयल्टी ही बोट ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेऊन, नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांसह त्यांनी १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. धंदा म्हणून पाहिले तर ती सुरुवात खडतर होती. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की नव्या कंपनीचा श्वास कोंडावा. १९२३ मध्ये सिंधियाला त्यांच्याशी दहा वर्षांचा करार करून आपल्या वाढीवर मर्यादा घालून घ्याव्या लागल्या. वालचंदांना तो रुचला नव्हता, पण बुडण्यापेक्षा बरा म्हणून त्यांनी गिळला. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये ते स्वतः अध्यक्ष झाले आणि लढाई पुढे चालू ठेवली.

मधल्या काळात त्यांनी जमिनीही धरल्या. मालेगावजवळच्या रावळगावला आणि इंदापूर तालुक्यातल्या कळंबला माळरानावर ऊस उभा केला, साखर कारखाने काढले. कळंबचे पुढे वालचंदनगर झाले. रावळगावातून निघालेली गोळ्या-चॉकलेटे आमच्या पिढीने शाळेच्या वाटेवर चघळली.

मोटारीचा ध्यास मात्र जुना होता, आणि त्यात ते एकटे नव्हते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना निघालाच पाहिजे म्हणून १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा करून योजना आखली होती. वालचंद त्या योजनेला भांडवलाचे पाय द्यायला निघाले. तेव्हा मुंबईत मोटारी जोडल्या जात नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला जुळणीचा कारखाना चालवला होता आणि फोर्डचीही जुळणी होत असे. पण पेट्यांतून आलेले भाग स्क्रूने एकमेकांना जोडणे म्हणजे मोटार बनवणे नव्हे, हा वालचंदांचा मूळ मुद्दा होता. इंजिन इथे ओतले, कापले, घासले गेले पाहिजे. १९३९ मध्ये ते त्यासाठी अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. जनरल मोटर्सलाही रस नव्हता. अखेर १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला.

या प्रवासाचे एक उपकथानक असे की परतीच्या वाटेवर, पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात, त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी पडली. मोटारीच्या शोधात गेलेला माणूस विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन उतरला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास, जून १९४१ मध्ये, विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला बसली. विमान, जहाज आणि मोटार, तिन्ही दारांवर एकाच वेळी थापा. घरातल्या एका चुलीवर तीन भांडी चढवणाऱ्या गृहिणीला विचारा, त्यातले एक तरी करपतेच.

करपले ते असे. विमानांचा कारखाना युद्धाची निकड म्हणून सरकारने १९४२ मध्ये आपल्या ताब्यात घेतला. विशाखापट्टणमवर एप्रिल १९४२ मध्ये जपानी बॉम्ब पडले आणि गोदीचे काम रखडले. तिथले पहिले मोठे जहाज, जलउषा, पाण्यात उतरले ते स्वातंत्र्यानंतर, १४ मार्च १९४८ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते. १९५२ मध्ये ती गोदीही बहुतांशी सरकारची झाली. आणि मोटार? ज्या सरकारला युद्धासाठी हजारो ट्रक हवे होते, तेच सरकार इथे ट्रक बनवण्याला युद्धोपयोगी उद्योग मानायला तयार नव्हते. यंत्रे आणायला परवाना नाही, माल घेण्याची हमी नाही. कागद दिल्लीहून लंडनला आणि लंडनहून दिल्लीला फिरत राहिले. दरम्यान बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्तान मोटर्सची स्थापना केली.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदली गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लर गटाच्या गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले. हेही आरंभी जोडकामच होते, ज्याला ते नावे ठेवत तेच. पण त्यामागे पुढचा कार्यक्रम होता. एकेक भाग इथे बनवत जायचे आणि पेट्या कमी करत जायच्या.

वालचंदांना संत करून टाकण्याची माझी इच्छा नाही. सरकारशी भांडणारा हा माणूस सरकारच्याच ठेक्यांवर मोठा झाला होता. स्वदेशीच्या नावाने संरक्षण मागताना त्यात स्वतःच्या गल्ल्याचाही विचार असे, आणि तो त्यांनी फारसा लपवलाही नाही. त्यांच्या मागे बंद बाजारात वाढलेल्या मोटार उद्योगाने गिऱ्हाइकाला काय दिले, हे माझ्या वडिलांच्या पिढीला विचारावे. नवी फियाट नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि आली की ती तिसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये न्यायची. वडिलांनी जुनी गाडी घेतली त्याचे कारणही तेच होते. एवढे मात्र म्हणेन की ती भिंत वालचंदांनी बांधली नाही. भिंत उंच होण्याच्या आधीच ते गेले होते.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कामकाजातून अंग काढून घेतले. ज्याचे पाय कधी एका जागी ठरले नाहीत त्याला तीन-साडेतीन वर्षे अंथरुणाच्या सोबतीने काढावी लागली. पत्नी कस्तुरबाई यांनी सेवा केली. त्यांना मूलबाळ उरले नव्हते. कारभार भावांकडे गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे ते वारले. लॉयल्टी निघाली त्या घटनेला तीन दिवसांपूर्वीच चौतीस वर्षे झाली होती.

पुस्तक मिटवून मी तारखा मांडल्या तेव्हा एक गोष्ट चुटपुट लावून गेली. त्याच १९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवले की ज्यांच्याकडे भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच मोटारीच्या धंद्यात राहावे. नुसती जुळणी करणाऱ्यांना आवरते घ्यावे लागले. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, फोर्डही गेली. ज्या दोघांनी वालचंदांना वाटेला लावले होते ते दोघे मुंबईतून निघून गेले आणि कुर्ला राहिले. हे पाहायला ते काही महिन्यांनी कमी पडले. ज्या गाडीमुळे त्यांचा कारखाना घराघरांत पोचला ती फियाट ११०० देखील पन्नासच्या दशकात आली, त्यांच्या पश्चात रुजली. १०८९ सीसीच्या तिच्या इंजिनाचा मूळ आराखडा इटलीत १९३७ मध्ये झालेला, दान्ते जाकोझा यांच्या हातचा. तेच इंजिन १९६४ च्या डिलाइटमध्ये, मग प्रेसिडेंटमध्ये आणि १९७४ पासून पद्मिनीत राहिले. विसावे शतक सरता सरता कुर्ल्याचे उत्पादन थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली.

चौथ्या दिवशी खोपोलीला गेलो. मिस्त्रींनी चेंबर उतरवून पंपाची जाळी धुतली होती. वरचा चिखल घाईने सोडवायचा आणि तो खाली जाऊन जाळीत अडकवायचा, ही चूक नवखे लोक करतात, असे त्यांनी सांगितले. हेड उतरवून ती गुठळी काढली होती. आतली वाट तारेने मोकळी करून रॉकेलने आणि मग हवेने साफ केली होती. शाफ्ट नवा, रॉकरचे बुश नवे, आणि शाफ्टची भोके कारखान्याने नेमून दिलेल्या बाजूलाच वळवलेली. ती बाजू चुकली तर ऑईल असूनही शाफ्ट कोरडा जातो.

मी कुठेतरी वाचले होते की ऑईलच्या दाबाचे बटण जिथे असते तिथून तांब्याची बाहेरची नळी काढून थेट रॉकर शाफ्टला जोडतात. म्हणून तसे करू या का, असे विचारले. मिस्त्रींनी मान हलवली. खालच्या बेअरिंगांच्या तोंडचे ऑईल काढून वर द्यायचे तर नळीत बारीक भोकाची अडणी हवी. नाहीतर वर पूर येतो, व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑईल खाली उतरते आणि गाडी निळा धूर सोडते. शिवाय घाटात हादऱ्यांनी ती नळी तुटली तर सगळे ऑईल रस्त्यावर आणि इंजिन भंगारात. आधी मूळची वाट मोकळी करून बघावी, ती पुरत नसेल तरच नळी, असे त्यांचे मत. ते मला पटले.

झाकण उघडे ठेवूनच त्यांनी इंजिन सुरू केले. पहिले काही क्षण काहीच दिसले नाही. मग पंपाजवळच्या बाजूकडून एकेका रॉकरखाली चमक आली, आणि आठवाही ओला झाला. मी बोट लावून पाहिले.

झाकणाला नवा कॉर्क, ऑईल जाड प्रतीचे, आणि दर पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, बदलायचे. सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर इंजिन न रेटता तसेच चालू ठेवायचे, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत वाढप पोचते. मजुरी घेताना त्यांनी जुना शाफ्ट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला.

त्याच संध्याकाळी बहिणीकडे निघालो. शिंग्रोबापाशी गाडी हळू केली, बायकोने खिडकीतून नाणे टाकले. वर, झाडीच्या पलीकडे, रेल्वेची एक गाडी बोगद्यात शिरत होती आणि मागच्या इंजिनांची घरघर बराच वेळ ऐकू येत होती. आमच्या बॉनेटखालून नेहमीचा बारीक किरकिराट येत होता. तो असायचाच, मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवले होते. अगदी गप्प झाला तर उलट काळजी करायची. पाच हजार किलोमीटर या दिवाळीच्या आसपास भरतील. तेव्हा झाकण पुन्हा उघडायचे आहे.